ठाण्यात थंडी कुठे असते? मग सकाळी डिझेल गाडी का उठत नाही

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीत, मानपाड्याला, सकाळी साडेसहाच्या सुमारास एक आवाज ठरलेला असायचा. घर्र घर्र घर्र, गप्प. परत घर्र घर्र, या वेळी जरा मंद. मग एक-दोन सिलिंडर पकडायचे, गाडी गदगदा हलायची, मागून पांढऱ्या धुराचा लोट आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या पटापट बंद. बरीच वर्षं हा आवाज आमच्याच गाडीचा होता, २००३ ची सात सीटर डिझेल, एमएच ०४ पासिंग, बाबांनी घेतलेली आणि आता मी चालवतो ती. ती नीट करताना मला जे कळलं ते लिहून ठेवतोय, कारण ओळखीत चार-पाच जणांना हाच त्रास आहे आणि प्रत्येकाला गॅरेजमध्ये वेगळं उत्तर मिळालंय, एकाला बॅटरी बदलायला लावली, एकाला नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारा भाग), कोपरखैरण्याच्या आमच्या मामांना तर थेट इंजिन खोलायला सांगितलं.

आधी थंडीवर ढकलणं बंद करू. "थंडी पडलीय ना, म्हणून" हे वाक्य मी पण शंभर वेळा बोललोय. पण ठाण्यात, अगदी येऊरच्या पायथ्याशी सुद्धा, पहाटे पंधरा-सोळा अंश म्हणजे आपण स्वेटर काढतो. डिझेल इंजिनासाठी ही थंडीच नाही. असलीच इंजिनं हिमाचलात शून्याच्या आसपास सकाळी चालू होतात. म्हणजे आपली गाडी सोळा अंशाला अडत असेल तर तिच्यात काहीतरी आधीपासून कमजोर झालंय आणि आपल्याकडची ऊब वर्षातले दहा महिने ते झाकून ठेवते. डिसेंबरमध्ये फक्त पांघरूण निघतं. हे डोक्यात पक्कं बसलं ना की मग कुठे शोधायचं ते आपोआप बदलतं.

आता ही गाडी पेटते कशी ते थोडक्यात. पेट्रोल गाडीत ठिणगी असते, डिझेलमध्ये ठिणगी नाहीच. नुसती हवा आत घ्यायची, पिस्टनने ती इतकी दाबायची की ती भयंकर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारायचा, तो आपोआप पेटतो. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं ना, तेच, फक्त जुन्या डिझेल गाड्यांमध्ये हवा वीस-बावीस पट दाबली जाते. गरम चालत्या इंजिनात ही हवा पाचशे-सहाशे अंशांपर्यंत जाते आणि डिझेल पेटायला ते भरपूर झालं. पण रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनाचं लोखंड गार असतं, ते हवेची उष्णता पिऊन टाकतं, शिवाय सेल्फवर इंजिन हळू फिरतं त्यामुळे दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटायला वेळ मिळतो. म्हणून सकाळच्या त्या पहिल्या काही फेऱ्यांमध्ये चार गोष्टी एकदम जमायला लागतात: सेल्फने इंजिन जोरात फिरवणं, हीटर प्लगने थोडी जास्तीची ऊब देणं, डिझेल वेळेवर नोझलपर्यंत पोचणं आणि सिलिंडरमध्ये दाब टिकणं. यातली एक थोडी ढिली असेल तर बाकीच्या तीन सांभाळून घेतात. दोन ढिल्या झाल्या की सोळा अंश पण जड जातात.

मग कुठली ढिली झालीय हे कसं ओळखायचं? धूर बघायचा. सकाळी पहिला सेल्फ मारताना कोणालातरी सायलेन्सरच्या मागे उभं करा. दहा सेकंद सेल्फ मारला आणि मागून धुराचा पत्ताच नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाहीये, मग बॅटरीवर-प्लगवर पैसे घालवून काही होणार नाही. पांढरा धूर येतोय, डोळ्यांना झोंबतोय, कच्च्या डिझेलचा वास आहे, तर डिझेल पोचतंय पण जळत नाहीये, म्हणजे ऊब कमी, दाब कमी, किंवा पंपाचं टायमिंग, म्हणजे फवारा सुटायची वेळ, मागे गेलंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. आणि गाडी गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहिली, वास गोडसर आला आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) बघा, तो वेगळाच विषय. ही एवढी एक तपासणी, फुकटातली, पण मी भेटलेल्या कुठल्याही गॅरेजवाल्याने गाडी रात्रभर ठेवून सकाळी धूर बघितला नव्हता. गाडी आपण दुपारी चालवत नेतो, ती गरम असते, हाफ सेल्फमध्ये चालू होते, मग तो बिचारा काय बघणार. त्यामुळे सकाळचं बघण्याचं काम आपलंच आहे.

आता आमच्या गाडीची गोष्ट, कारण जुन्या गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त सापडणारी आणि सगळ्यात जास्त चुकवली जाणारी भानगड तीच आहे. एअर.

बाबा रोज सकाळी बॉनेट उघडायचे आणि डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा हँड पंप पंधरा-वीस वेळा दाबायचे. कडक लागला की बॉनेट बंद, मग सेल्फ. आम्हाला वाटायचं जुन्या डिझेल गाडीचं असंच असतं. दुसरी एक गोष्ट होती, सोसायटीच्या गेटजवळ उतार आहे, तिथे गाडीचं तोंड खाली करून लावली तर सकाळी हँड पंप न मारता चालू व्हायची. बाबा म्हणायचे गाडीला ती जागा लाभते. ती जागा मिळावी म्हणून ते रात्री नऊच्या आत घरी यायचे, खरंच.

वागळे इस्टेटला पंप-नोझलचं काम करणारे एक काका आहेत, त्यांना हे सांगितल्यावर ते लगेच म्हणाले की गाडी एअर घेते, आणि जागेचं कोडं त्यांनी तिथेच उलगडलं. डिझेलची टाकी मागे आणि खाली असते, पंप पुढे आणि वर. जुन्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा इंजिनचा पंपच टाकीतून डिझेल ओढतो, टाकीत मोटर नसते. म्हणजे त्या लाईनमध्ये ओढ असते. आपण स्ट्रॉने सरबत पितो आणि स्ट्रॉला बारीक चीर असेल तर तोंडात सरबताऐवजी हवा येते, तसंच. लाईनला कुठे बारीक फट असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. रात्रभरात ती हवा लाईनमध्ये वर चढते, डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं, आणि सकाळी पंपाला हवा ओढायला मिळते. तोंड उताराकडे केलं की टाकी वर आणि इंजिन खाली, डिझेल परत जायचा प्रश्नच नाही. म्हणून गेटजवळची जागा लाभायची. तुमच्या गाडीवर पण हे करून बघा, एक रात्र तोंड उताराला, एक रात्र चढाला, आणि दोन्ही सकाळी किती सेल्फ लागला ते मोजा. फरक पडला तर एअर आहे, शंभर टक्के शोधायला लागा.

शोधायचं कसं, तर फिल्टर आणि पंपाच्या मधला रबरी पाइप काढून तिथे तात्पुरता पारदर्शक डिझेल पाइप लावायचा, क्लिप नीट आवळायची, आणि चालू गाडीत बुडबुडे दिसतात का ते बघायचं. तिथे दिसले तर तोच तुकडा फिल्टरच्या आधी लावायचा, तिथेही दिसले तर फट टाकीच्या बाजूला आहे, तिथे नाही दिसले तर फिल्टरमध्येच आहे. एक-एक पाऊल मागे जायचं. नेहमीचे गुन्हेगार म्हणजे हँड पंपाच्या आतला फाटलेला डायफ्राम, फिल्टर बदलताना जुनाच ठेवलेला रबरी रिंग, बँजो बोल्टचे (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर, जे खरं तर प्रत्येक वेळी नवे टाकायचे असतात, गंजलेल्या क्लिपा, आणि नोझलवरून नोझलवर जाणारे ते बारीक कापडी वेष्टनाचे रिटर्न पाइप, उरलेलं डिझेल परत नेणारे. आमच्याकडे हे रिटर्न पाइपच निघाले. वरून ठीक दिसत होते, हाताने वाकवले तर कापडाखाली रबर बिस्किटासारखं तडकलेलं. इंजिनची उष्णता आणि वीस उन्हाळे, दुसरं काय होणार. सगळा पाइप बदलला, दोन वॉशर, एक रिंग, शंभर-सव्वाशे रुपयांचं सामान. बाबांनी पुढचे दोन आठवडे सवयीने बॉनेट उघडलं, हँड पंपाला हात लावला की तो कडकच.

तरी पण गाडी थरथरत चालू व्हायची. म्हणजे दुसरी ढिली गोष्ट अजून बाकी होती, हीटर प्लग.

जुन्या बऱ्याच डिझेल इंजिनांमध्ये नोझल थेट पिस्टनवर फवारा मारत नाही, हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, एक छोटी कोठडी असते तिच्यात मारतो, ज्वाळा तिथे सुरू होऊन खाली येते. ही कोठडी म्हणजे चारही बाजूंनी गार लोखंड, हवेची उष्णता झटक्यात खाऊन टाकते. म्हणून तिथे हीटर प्लग लागतो, चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखी जी पिवळी खूण पेटते ती त्याचीच. काही सेकंदात प्लगचं टोक आठशे-नऊशे अंशांपर्यंत लाल होतं. ज्या इंजिनात फवारा थेट पिस्टनवर पडतो त्यातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांना प्लग नसतातच आणि तरी त्या चालू होतात, तेव्हा आधी आपल्या इंजिनाला प्लग आहेत का ते बघून घ्या.

चारातला एक प्लग गेला तर आपल्या हवेत कळतही नाही, थोडं थरथरणं, अर्धा मिनिट धूर, बास. ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन गेले तरी गाडी निघते. डॅशबोर्डवरची खूण मात्र चारही मेले तरी जुन्या गाड्यांमध्ये पेटतच राहते, ती टायमरची खूण आहे, प्लगची तब्येत सांगत नाही. त्यामुळे खूण पेटते म्हणजे प्लग चांगले, हा समज काढून टाका.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. प्लगांना जोडणारी धातूची पट्टी काढायची, मीटर ओहमवर, एक टोक प्लगच्या डोक्याला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. चांगला प्लग साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. मीटरच्या दोन वायर एकमेकांना टेकवल्या तरी पॉइंट दोन-तीन ओहम दाखवतात, तेवढे वजा करा, नाहीतर उगाच गोंधळ होतो. मीटर नसेल तर इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब घ्या, बॅटरीच्या प्लसपासून बल्बमधून वायर प्लगच्या डोक्यावर, बल्ब पेटला तर प्लगची तार शाबूत. प्लग चांगले निघाले तर पट्टी परत लावून चावी फिरवल्यावर तिथे व्होल्टेज बघायचं, अकराच्या आसपास आलं पाहिजे. रिलेतून (प्लगांना करंट सोडणारा स्विच) टक आवाज येतो म्हणून मेकॅनिक पुढे जातात, पण चार प्लग मिळून पन्नास-साठ अँपियर ओढतात, इतक्या करंटने रिलेचे आतले पॉइंट जळून काळे होतात, टक होतं आणि पलीकडे काही जात नाही.

प्लग काढताना मात्र घाई करू नका. इंजिन गरम असताना, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून, हळूहळू मागे-पुढे करत. जोर लावला आणि प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवण्यापर्यंत काम जाऊ शकतं. आणि एक मेला असेल तर चारही बदला, वय सगळ्यांचं सारखंच असतं. आमचे दोन मेलेले निघाले, दोन आणि तीन नंबरचे.

बॅटरीबद्दल लोकांना सगळं माहीत असतं असं वाटतं, पण तिची पण तीच कथा आहे. बॅटरी मरते एप्रिल-मेच्या उकाड्यात, कळतं डिसेंबरमध्ये. त्यात घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये एसी, लाईट, वायपर चालू आणि इंजिन आयडलवर, किंवा रोज फक्त स्टेशनपर्यंत जाऊन परत, तेवढ्यात सकाळी सेल्फने खाल्लेलं भरून निघत नाही. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. खरी परीक्षा सेल्फ मारताना, तेव्हा व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी थकलीय. साडेदहा राहतंय आणि तरी सेल्फ मंद फिरतोय, मग दोष वायरिंगमध्ये किंवा सेल्फमध्येच आहे. नवी मुंबईत खाडीकाठच्या हवेत, ऐरोली, बेलापूर वगैरे, बॅटरीकडून इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी आतून हिरवी पडते आणि वरून धडधाकट दिसते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनला, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर पट्टी बदला. डिझेलला चालू व्हायला मिनिटाला दीडशे-दोनशे फेऱ्या तरी लागतात, मंद सेल्फवर बाकी सगळं चांगलं असलं तरी हवा तापतच नाही. इंजिन जुनं झालं म्हणून जाड ऑइल भरायची सवय पण इथे नडते, सकाळी ते अजून घट्ट असतं आणि सेल्फला ओझं होतं. गाडीच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० (ऑइलचा ग्रेड) लिहिलं असेल तर तेच घाला.

पावसाळ्यानंतर फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पाणी काढा, जुन्या टाकीत पाणी साठतंच. चक्री (रोटरी) पंपाच्या गाड्यांमध्ये पंपावर एक वायर येते, ती डिझेल कट-ऑफ सोलेनॉइडची, म्हणजे डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची, चावी फिरवल्यावर तिथे टक ऐकू आलं पाहिजे. नाही आलं आणि धूर पण नाही, तर आधी ती वायर बघा, पाच मिनिटांचं काम आहे. टायमिंग बेल्ट बदलल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर बेल्ट एक दात चुकलाय का ते तपासून घ्या. आणि कॉमन रेल गाडी असेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून (रेल) डिझेल देणारी, त्याही आता पंधरा-अठरा वर्षांच्या झाल्यात, तर तिथे रेलमध्ये दोनशे-अडीचशे बारचा दाब तयार झाल्याशिवाय कॉम्प्युटर नोझल उघडतच नाही. एखादा नोझल रिटर्नला जास्त डिझेल सोडत असेल तर तो दाब बनत नाही, चार नोझलच्या रिटर्नला चार बाटल्या लावून कुठली जास्त भरते ते बघायचं.

नाशिक, महाबळेश्वरपर्यंत डिझेलची काळजी करू नका. डिझेलमधलं मेण थंडीत गोठून फिल्टर चोंदवतं हे खरंय, पण आपल्याकडच्या मानकात हिवाळी डिझेलसाठी ती मर्यादा ६ अंश आहे, उन्हाळी डिझेलसाठी १८. हिवाळ्यात मनालीला निघालात तर टाकीत मुंबईचं डिझेल संपवत जा आणि वर गेल्यावर तिथलं भरा. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल काढलं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणं किंवा स्टार्टिंग स्प्रे मारणं, हे करू नका. ट्रकवाल्यांना करताना आपण बघितलेलं असतं. हीटर प्लग लाल असताना तो स्प्रे वेळेआधीच भडकतो, पिस्टन वर येत असताना, आणि रिंगा तुटतात, कधी हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्येच स्फोट होतो. चालू झाली तरी आपण दाब कायमचा घालवून बसतो.

आणि दाब ही शेवटची गोष्ट. कॉम्प्रेशन गेलं की इंजिन काम, मोठा खर्च, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीला आरटीओचं री-पासिंग आणि पर्यावरण कर आधीच भरलेला असतो, त्यामुळे इथे लोक गाडी विकायचा विचार करतात. म्हणून मोजल्याशिवाय कोणाचं ऐकू नका. प्लगच्या भोकात गेज लावून चारही सिलिंडर मोजायचे. चांगलं इंजिन पंचवीस-तीस बार दाखवतं, वीसच्या खाली सकाळी त्रास होणारच, आणि चारांत फार फरक नको.

कोपरखैरण्याच्या मामांचं हेच झालं होतं. एअर नाही, प्लग नवे, बॅटरी नवी, तरी पांढरा धूर. गेज लावला तर दोन सिलिंडर अठराच्या आसपास, इंजिन खोला म्हणाले. वागळेच्या काकांनी एकच विचारलं, टॅपेट शेवटचे कधी बघितले? वर्षानुवर्षं व्हॉल्व सीटमध्ये खोल बसत जातो, टॅपेटचा (व्हॉल्व उघडणारा भाग) गॅप संपतो आणि व्हॉल्व पूर्ण मिटतच नाही, दाब तिथून जातो, रिंगांचा काही दोष नसतो. मामांच्या गाडीचे टॅपेट कित्येक वर्षांत कोणी उघडले नव्हते, त्या दोन सिलिंडरांत गॅप शून्य. फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून सेटिंग केलं, परत मोजलं तर एक सव्वीस, एक पंचवीस. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता मामांचा फोन आला, बोलले काही नाही, फोन बॉनेटजवळ धरला आणि सेल्फ मारला.